दुसऱ्यांच्या अँटीबॉडी

धीर कशाशी खातात हे माझ्या धाकट्या भावाला माहीतच नाही. त्याची बायको पाळणाघरात मुलं सांभाळते. तिला सहावा महिना चाललाय. तिच्या मांडीवर झोपणाऱ्या एका पोराला गोवर निघाला, हे कळल्यावर याच्या पायाखालची जमीनच सरकली. तिला घेऊन हा थेट इस्पितळात. मी त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, एक मजला वर! मला एक फोन करावा? छे.

गरोदरपणात गोवर झाला तर आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका असतो. म्हणून आधी रक्त काढून गोवराच्या अँटीबॉडी आहेत का ते बघतात. असल्या तर काळजी नाही, शरीराने ही लढाई पूर्वीच जिंकलेली असते. नसल्या तर लगेच इंजेक्शन. त्यात दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडी असतात. पण आमच्या शहाण्याने ड्युटीवरच्या डॉक्टरचं डोकं खाल्लं. "रक्तबिक्त नंतर काढा, आधी इंजेक्शन द्या!" डॉक्टर नवखा होता, त्याने दिलं. रक्त काढलं दोन दिवसांनी, आणि रिपोर्ट आला: अँटीबॉडी आहेत.

झालं! भावाने साऱ्या नात्यात फोन फिरवले. भावजयीची आई म्हणे आधीपासून सांगतच होती, हिला लहानपणी गोवर येऊन गेलाय, अंगभर पुरळ होतं. अहो, आयांच्या लेखी अंगावर उठलेलं काहीही गोवरच असतं, मग ते घामोळं का असेना.

संध्याकाळी भावजयीचा मला फोन आला. "ताई, मी उद्यापासून कामावर जाते. आणखी दोन मुलांना ताप आलाय, तिथे हात कमी पडतायत. मला आता काय होतंय?"

त्या अँटीबॉडी हिच्या स्वतःच्या कशावरून? इंजेक्शनातल्याही असू शकतात, आणि यंत्राला दोन्ही सारख्याच दिसतात. उसन्या असतील तर त्या पुरतीलच याचा भरवसा नाही. "उद्या घराबाहेर पाऊल टाकशील तर माझ्याशी गाठ आहे," असं म्हणून मी फोन ठेवला.

आता कसं शोधायचं? मग डोक्यात एकदम उजेड पडला. गरोदर बायकांचं पहिलं रक्त तपासून झालं की उरलेलं आम्ही टाकत नाही, बाळंतपण होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवतो. अडीअडचणीला मागचं बघता यावं म्हणून. हिचंही असणार, इंजेक्शनच्या कितीतरी आधीचं!

सकाळी मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेतली. घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून तपासणी मास्तरांनी लावली. मास्तर म्हणजे आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ. भेटेल त्याला शिकवत सुटतात म्हणून हे नाव.

"अगं, बस जरा. फेऱ्या मारून फरशी झिजवशील," ते म्हणाले.

"तुम्ही तुमचं काम करा हो!" मी खेकसले.

प्लास्टिकच्या पट्टीत बारीक खळगे असतात. त्यात रक्तातलं पाणी घालायचं, धुवायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं. अँटीबॉडी असल्या की शेवटी खळगा पिवळा होतो. मी पट्टीकडे डोळे फाडून बघत होते. शेजारचे खळगे पिवळे धमक झाले. हिचा झाला नाही. मास्तरांनी दुसऱ्यांदा लावून बघितलं. पुन्हा तेच, नितळ पाणी.

तशीच तडक भावाच्या घरी गेले. तो हसतच दार उघडायला आला. माझ्या दमामुळे आजचा दिवस घरी थांबलेली भावजय उद्या कामावर जायचे कपडे काढून ठेवत होती. माझ्याकडे बघितलं आणि हातातला ड्रेस घेऊन तशीच खाली बसली.

"चांगली बातमी असती तर तुम्ही फोनच केला असता, ताई."

मी सगळं सांगितलं. तिच्या स्वतःच्या अँटीबॉडी नाहीत, जे आहे ते इंजेक्शनातलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. वाटेत मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहत आले होते. पण त्याने घाई केली म्हणून इंजेक्शन वेळेत पडलं, आता त्या इंजेक्शनवरच सगळी भिस्त होती. हेही मी त्याला सांगितलं.

"कधी कळेल?" भावजयीने विचारलं.

"काही आठवडे जाऊ देत. ताप आला नाही, पुरळ उठलं नाही, की सुटलो."

तिने लगेच स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. मग माझा हात ओढून घेतला आणि कपाळावर दाबून धरला. "ताई, नीट बघा ना. गरम लागतंय?"

लागत होतं. पण माझेच हात बर्फासारखे गार पडले होते, मी तिला काय सांगणार होते?