धुराड्याआडचा तारा

बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात दिवेलागणीला माणसं एकामागे एक अशी सरळ रांगेत बसत. आकाशात नवा तारा दिसू लागला होता, आणि तिथे मुक्कामाला आलेल्या तारकबाबांच्या म्हणण्याप्रमाणे ते बसड्रायव्हरच्या वारलेल्या लेकीचे डोळे होते.

"पोरीनं इथे डोळे मिटले, त्याच क्षणी तिथे उघडले," बाबा सांगत.

ड्रायव्हर रोज बायकोबरोबर येई, कारण तिला एकटीला सोडायची त्याला भीती वाटे. आईनं अन्न सोडलं तर तारा तिला वर बोलावून घेईल, असं बाबांनी सांगितल्यापासून तिनं जेवण टाकलं होतं. तो रात्री ताट वाढून ठेवी आणि सकाळी तसंच उचली. शेवटी त्यानं मेहुणीला बोलावून घेतलं. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची.

ती आली त्या संध्याकाळी रांगेपुढे उभं राहून बाबांनी सूर लावला. "बाळे, आईला ओळखलं असशील तर डोळे मिट." मग मंत्र लांबत गेला, लांबत गेला, आणि तारा विझला. ड्रायव्हरचेही हात जोडले गेले. थोड्या वेळानं तारा परत उजळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणी आवारात हिंडून आली, आणि संध्याकाळी मंत्र लांबू लागताच तिनं बहिणीला हाताला धरून रांगेबाहेर नेलं. मागे हुंदके सुरू झाले. बाहेर मात्र तारा लखलखत होता.

"ताई, बाबा रांग बसवतात तिच्या बरोबर समोर गिरणीचं धुराडं आहे, अंधारात दिसत नाही. पृथ्वी फिरते, तारा त्याच्या आड जातो आणि पलीकडून निघतो. तोवर बाबा मंत्र ओढत राहतात."

अविश्वासी माणसाला भलतंच दिसतं, असं बाबा बडबडले. पण माणसं उठून बाजूला येऊन बघू लागली होती.

"पण ती गेली त्याच आठवड्यात तो आला," आई हळूच म्हणाली.

"दिसला त्या आठवड्यात. तारा जुनाच आहे, एकाएकी भडकला. तो उजेड हजारो वर्षं वाटेत होता, ताई. तिथून निघाला तेव्हा हे शहर नव्हतं, आपण नव्हतो, तीही नव्हती. तुझी हाक उजेडाच्या वेगानं गेली तरी पोचायला तितकीच वर्षं लागतील. उत्तर यायला पुन्हा तितकीच. क्षणात डोळे मिटणारं तिथे कुणी नाही."

"मग ती कुठे आहे?"

मेहुणीनं आता खोटं बोलावं, असं ड्रायव्हरला मनापासून वाटलं. तिनं खोटं सांगितलं नाही. "त्या ताऱ्यात नाही," एवढंच म्हणाली.

घरी जाताना आई रस्त्याच्या कडेला बसून मोठ्यानं रडली, लेक गेल्यापासून पहिल्यांदाच. बाबांनी लवकरच मुक्काम हलवला. बहिणी अजून एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलतात. आई पोटभर जेवत नाही, पण जेवते.

दुसऱ्या शहरात बाबांनी पुन्हा रांग बसवल्याचं कानावर येतं, तेव्हा ड्रायव्हर तिकडे निघालेल्या प्रवाशांना सांगतो, "दुःख झालं असेल तर रडा. पण चमत्कार दाखवणारा जिथे बसवेल तिथून उठा, आणि बाजूला जाऊन बघा."