‘अनलेस’च्या पोटातला ‘नाही’

मी एक जुना टाइपरायटर आहे. मित्रांनो, माझी कीव मुळीच करू नका. माझी फीत वाळली आहे, दोन कळा लुळ्या पडल्या आहेत आणि घंटा तिच्या मर्जीने वाजते, हे मला ठाऊक आहे. पण भंगारात जाण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी जाणार नाही.

मी लोखंडाचा जन्मलो. कागद कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत मला आणले गेले. खिडकीशी टेबल, मागे फायलींचे कपाट आणि समोर काचेची भिंत. काचेपलीकडे दिवसभर लेथचा खडखडाट चाले. माझ्यासमोर टायपिस्टबाई बसत. अंगाने काडी, पण बोलायला सडेतोड! रोज सकाळी त्या ब्रशने माझ्या अक्षरांतली शाई काढत आणि म्हणत, “तुझा ठसा मोत्यासारखा उमटायला हवा.” अशी माया मला पुन्हा कुणी लावली नाही.

आमचे मालक यंत्राच्या कामात वाकबगार होते. इंग्रजी मात्र ते आपल्या भाषेतून शब्दाला शब्द लावून लिहीत. आपल्याकडे ‘जरी’ आला की पाठोपाठ ‘तरी’ येतोच, म्हणून त्यांच्या कच्च्या कागदावर ‘ऑल्दो’च्या मागे ‘बट’ हमखास असे. इंग्रजीत त्या दोघांतला एकच पुरतो. बाई गुपचूप ‘बट’ गाळत. मालकांना पत्ताही लागत नसे.

एकदा बारा यंत्रे परदेशी निघाली. त्यांच्या पात्यासमोर एक लोखंडी जाळी होती. ती बसवली की हात आत जात नसे. ही जाळी आमच्या फिटरमामांनी घडवली होती. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती. उरलेली दोन तरुणपणी दुसऱ्या कारखान्यात अशाच एका पात्याखाली गेली होती.

यंत्रांसोबत सूचनांचा कागद जायचा होता. मालकांना लिहायचे होते, “जाळी बसवलेली नसेल, तर यंत्र सुरू करू नका.” त्यांनी लिहिले, “अनलेस द गार्ड इज नॉट फिटेड, डू नॉट स्टार्ट द मशीन.” बाईंनी सवयीप्रमाणे मधला ‘नॉट’ गाळला. पण या वेळी मालकांनी कागद तपासला.

“माझा ‘नॉट’ कुठं गेला?”

“तो नको, साहेब. त्यानं उलटा अर्थ होतो.”

“जोपर्यंत बसवत नाही, तोपर्यंत सुरू करू नका. दोन ‘नाही’ आहेत ना? मग दोन हवेत!”

“आपल्या भाषेत हवेत. पण ‘अनलेस’च्या पोटात एक ‘नाही’ आधीच आहे. तुम्ही वरून आणखी एक घातलात, तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.”

“मला शिकवू नका. लिहिलंय तसं टाइप करा.”

“नाही करणार,” बाई म्हणाल्या.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी बाईंना खुर्चीवरून उठवले, स्वतः बसले आणि दोन बोटांनी टकटक करत कार्बन लावून प्रती काढल्या. माझ्या कळा एकमेकींत अडकाव्यात, असे मला जिवापासून वाटले. पण यंत्राला कुठे नकार देता येतो? ते वाक्य माझ्याच अक्षरांनी ठसठशीत उमटले. आजही त्याची मला चीड येते.

कागद खोक्यांत गेले, खोक्यांना खिळे ठोकले गेले, ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. बाईंनी टेबलावर राहिलेली एक प्रत उचलली आणि त्या तडक काचेपलीकडे गेल्या. दार उघडेच होते.

“फिटरमामा, यात काय लिहिलंय सांगू? जाळी बसवलेली असेल, तर यंत्र सुरू करू नका.”

मामांनी पाना खाली ठेवला. “म्हणजे? जाळी काढून सुरू करायचं?”

“कागद तरी तसंच सांगतो.”

तेलकट हात पुसत मामा कचेरीत आले आणि मालकांसमोर तो कागद ठेवून त्यावर त्यांनी आपला डावा हात पसरला.

“साहेब, माझ्या वेळी सांगणारा कागदच नव्हता. या लोकांकडं कागद असेल, आणि तोच त्यांना जाळी काढायला सांगेल.”

मालक त्या तीन बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला. ‘अनलेस’ शोधायला त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी तो मिटला.

“खोकी उघडा,” ते म्हणाले.

“ट्रक थांबलाय, साहेब,” कुणीतरी म्हणाले.

“थांबू दे!”

बारा खोक्यांचे खिळे उपटले गेले. बाई पुन्हा माझ्यासमोर बसल्या आणि त्या दिवशी मी जसा धावलो, तसा कधी धावलो नाही. चूक झाली, असे मालक तोंडाने कधीच म्हणाले नाहीत. पण पुढे प्रत्येक कच्चा कागद बाईंच्या टेबलावर ठेवताना ते पुटपुटत, “जरा नजर टाका.”

पुढे संगणक आला. मला माळ्यावर टाकले. माझ्यावर कुणी रंगाचे डबे ठेवले, कोळ्यांनी संसार थाटले. संगणकाला चूक खोडता येते म्हणे! येत असेल. पण चूक ओळखून, नोकरी पणाला लावून ‘नाही करणार’ म्हणायला समोर माणूसच लागतो.

म्हणून मित्रांनो, मला तेलपाणी करू नका, फडक्याने पुसूही नका. तुमच्या वाक्याची मात्र काळजी घ्या. कुणाचे हात त्यावर विसंबून असतील, तर पाठवण्याआधी ते वाक्य सांगते तसे मनात एकदा वागून पाहा. ते उलटे निघाले, तर ट्रक फाटकाशी असला तरी थांबवा. आणि कुणी डोळे वटारले, तर खुशाल वटारू द्या.