वच्छीचं लुगडं

साखर पेठेतल्या कोष्ट्यांच्या आळीत मूल जन्मलं की बाप त्याच्या नावानं मागावर वीतभर कापड विणी आणि धोटा खाली ठेवी. पुढचं कापड आपलं आपण वाढे, मुलाच्या अंगाबरोबर. दुखणं आलं की पोत विरळ, मन रमलं की काठ उजळ. मूल गेलं तर कापड तिथंच थांबे. मुलीचं लुगडं नऊ वार भरलं की आई ते कापून उतरवी आणि लेकीची इडापिडा आपल्याला लागो म्हणून दिवेलागणीपर्यंत स्वतः नेसे. मग लेक नेसे आणि बाई होई. तोवर कितीही वर्षं जावोत, ती पोरच राही.

मथुराबाईच्या वच्छीचं लुगडं भरलं होतं. फक्त वच्छी घरात नव्हती.

चार वर्षांची असताना ती गड्ड्याच्या जत्रेत हरवली. गर्दीत चुकू नये म्हणून मथुराबाईनं तिच्या परकराला आपल्या पदराची गाठ मारली होती. पोरीला गाठींचा भारी नाद, तीही आपली एक वरून मारायची, डावऱ्या हाताची, उलटी. कासाराकडं बांगड्या भरताना पदर ओढला जाऊ लागला, तेव्हा मथुराबाईनं दोन्ही गाठी सोडल्या. बांगड्या भरून वळली तर पोर नाही.

तिच्या नवऱ्यानं, रामहरीनं, अक्कलकोटापर्यंत गावं पालथी घातली. पुढं राहिलं ते मागावरचं कापड. मथुराबाई रोज सकाळी त्यावरून हात फिरवी आणि सांगे, "हसलीया आज," किंवा, "ताप आलाय जनू पोरीला." एवढ्यावर ती जगत होती.

शेजारची गुरम्मा तोंडावर खरं बोले, म्हणून आळीत तिला सहसा कुणी चहाला बोलावत नसे. ती न बोलावता आली.

"मथुरा, लुगडं भरून महिना झाला की. उतरीव आता."

"उतरवलं की वाढायचं थांबतंय, अक्का. मग माजी पोर हाय का न्हाय, हे मला कोन सांगनार?"

"आन् न्हाय उतरवलं तर? कुटं असंल तितं ती परकरातच ऱ्हाईल की. संगतीच्या पोरी नांदाय जातील आन् ही दारात बघत बसंल."

मथुराबाईला त्या बाईचा संताप आला. आठवडाभर ती तिच्याशी बोलली नाही. पण दारात बसलेली, परकर आखूड झालेली पोर काही डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी तिनं कात्री घेतली. ती कापू लागली तसं रामहरीनं कापड ताणून धरलं. मग दिवसभर ती ते लुगडं नेसून वावरली, पाणी भरलं, भाकरी केल्या. लेकीच्या अंगाचं काहीतरी आपल्या अंगाला लागतंय, असं तिला सारखं वाटत होतं. दिवेलागणीला तिनं ते सोडलं, घडी केली, पाटावर ठेवून कुंकू वाहिलं आणि तुळशीपुढं दिवा लावायला बाहेर गेली. देवाकडं काही मागायचं तिला सुचलं नाही.

परत आली तर घडी मोडलेली होती. लुगडं पाटावर सैल पडलं होतं, निऱ्यांच्या चुण्यांसकट, आणि अंगावरून नुकतंच उतरल्यासारखं ऊबदार होतं. मथुराबाईनं ते छातीशी धरलं. पदराच्या टोकाशी बोटांना काहीतरी लागलं. गाठ होती, डावऱ्या हाताची, उलटी.

रामहरीनं दिवा जवळ आणला. गाठीवर बोट टेकवलं.

"सोडू?" त्यानं विचारलं.

"नगा," ती म्हणाली. "एकदा सोडली तेवढं लई झालं."