बसवलेलं शंभर

पाणी खळाखळा उकळत होतं आणि थर्मामीटर शहाण्णववर अडकला होता.

डिंपलने तो जरा वर उचलला, बुड बीकरच्या तळाला टेकत नाही ना ते पाहिलं, पुन्हा सोडला. शहाण्णव. तिचा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला. परीक्षा आली की तो पाय तिचं ऐकायचाच नाही, शिलाई मशीनवर असल्यासारखा चालू व्हायचा. मग टेबल हलायचं, टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलायची आणि शेजारचा कुंदन वैतागायचा.

"तुझी मशीन बंद कर ना," तो म्हणाला. "आणि शंभर लिहून मोकळी हो."

"तुझं किती आलं?"

"शंभर."

"तुझं पाणी तर अजून उकळलंच नाही."

"उकळलं की शंभरच होणार ना? आधीच लिहून ठेवलं. वेळ वाचला."

धुळ्याला, देवपुरात, एका संस्थेने आठवी ते दहावीचा 'उन्नत विज्ञान वर्ग' काढला होता. घनता, दाब, उष्णता, गती, वीज, असं पुढच्या इयत्तांचं सगळं आठवीतच शिकवायचं, निवडक पोरांना. शेजारीच संस्थेचं वसतिगृह. आईबापांना वाटायचं हे कापसाच्या जिनिंग मशीनसारखं काम आहे, इकडून पोरगं टाकलं की तिकडून इंजिनिअर पडेल. संस्थेलाही त्यांना तसंच वाटायला हवं होतं. चौकात मोठा फलक लावला होता, पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या पोरांचा. तो कोट वर्गात कोणी कधी घातला नाही. फोटोवाल्याने आणला होता, तोच घेऊन गेला.

पण शिकवणारा माणूस खरा होता. हितेंद्र सर, जळगावचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर फक्त तीन शब्द लिहिले, 'पाहिलं ते लिहा', आणि खडू फेकून दिला.

"मला तुमच्याकडून एवढंच पाहिजे," ते म्हणाले. "प्रयोगाच्या आधी अंदाज लिहायचा, पेनाने. अंदाज चुकला तर मार्क कापणार नाही. पण अंदाज बरोबर दिसावा म्हणून कोणी रीडिंग बसवलं, तर त्याला भोपळा."

बसवणं हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता. आपल्याकडे गणपती बसवतात तसं रीडिंग बसवतात. गणपती निदान दहा दिवसांनी उठतो. बसवलेलं रीडिंग जर्नलमध्ये कायमचं मुक्कामाला राहतं, त्यावर मास्तरची लाल सही होते आणि पोरगं त्याच सहीवर पुढच्या वर्गात जातं.

आजची परीक्षा वर्षाची शेवटची होती. जो नापास होईल तो या वर्गातून बाहेर, म्हणजे वसतिगृहातूनही बाहेर. डिंपलसाठी बाहेर म्हणजे शिरपूरच्या वर, डोंगरालगतचं तिचं गाव, आणि तिथली शाळा. त्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच नव्हता. पीटीचे सर उष्णतेचा धडा मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग सगळ्यांना मैदानावर सोडायचे. बापाने तिला आणून सोडलं तेव्हाच सांगितलं होतं, "त्या वर्गमा ऱ्हायनी तं ऱ्हाय. नही तं आपली शाळा शे."

पंखे बंद. वीज गेलेली. खोलीत सगळे स्पिरिटचे दिवे पेटलेले, बाहेर मार्चचं ऊन. दारात खुर्ची टाकून संस्थाचालक सुनंदाबाई बसल्या होत्या. त्या हातातला पेपर हलवत वारा घेत होत्या आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "झालं का, सर? किती वेळ पाणीच उकळवता?"

हितेंद्र सर टेबलाटेबलावरून फिरत डिंपलपाशी आले. तिच्या कागदावरचा आकडा त्यांना दिसला. ते थांबले.

"पुन्हा बघ," ते म्हणाले.

तिने वाकून पाहिलं. "शहाण्णव, सर."

सरांनी दाराकडे नजर टाकली. मग हळू आवाजात, तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा बघ म्हटलं ना."

तेव्हा तिला कळलं. हे 'बघ' वेगळं होतं. या 'बघ'चा अर्थ होता, बघू नको.

तिचा पाय थांबला. राग आला की तो थांबायचा. तिने ९६ पुन्हा गिरवला, कागद फाटेस्तोवर, आणि खाली लिहिलं, 'थर्मामीटर चुकीचा असू शकतो. बर्फात बुडवून तपासायला हवा.' हेही सरांनीच शिकवलं होतं. बर्फाच्या चुऱ्यात शून्य दाखवायला पाहिजे. नाही दाखवलं तर जेवढा फरक तेवढी चूक.

सरांनी कागद उचलला. वाचला का नाही, कोण जाणे.

संध्याकाळी यादी लागली. बसवणारे सगळे पास. डिंपलचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी योगराज मोटारसायकलवर आला. हा तिचा बाप, घरात सगळे त्याला भाऊ म्हणतात, तीसुद्धा. डोक्याला रुमाल, डोळे उन्हाने आणि चिडीने लाल. त्याने तिची बॅग टाकीवर ठेवली आणि दोरी काढली.

"काय व्हयनं?"

"भाऊ, पाणी शहाण्णवला उकळलं."

"मंग?"

"पुस्तकात शंभर आहे. सगळ्यांनी शंभर लिहिलं."

"तं लिखी टाकं पाहिजे व्हतं शंभर! एक आकडा लिखाले काय व्हतं तुले? तुन्ही माय काल रातपाईन जेवनी नही."

"दिसलंच नाही तर कसं लिहू?"

"बठ्ठास्नी लिखं ना?"

"त्यांनी बसवलं. मीटर काहीतरी दाखवत होता आणि त्यांनी दुसरंच लिहिलं."

योगराजचा दोरी आवळणारा हात थांबला.

दिवाळीनंतर तो कापूस घेऊन गेला होता एका व्यापाऱ्याकडे. त्या माणसाने ओलावा मोजायचं मीटर कापसात खुपसलं. मीटरवर आठ आलं, कोरडा कापूस. योगराज वाकून पाहत होता. त्या माणसाने बारा लिहिलं, ओला म्हणून भाव पाडला. योगराज ओरडला, तर तो म्हणाला, 'काका, चष्मा लावा.' मागे गाड्यांची रांग होती, रांगेतले लोकही ओरडायला लागले, त्या माणसावर नाही, योगराजवर. तो गप्प बसला. घरी येऊन मात्र त्याने ते इतक्या वेळा सांगितलं होतं की डिंपलला पाठ झालं होतं.

"मीटरवर एक नि कागदवर दुसरं," तो स्वतःशीच म्हणाला. मग लेकीकडे बघून, "तू दखं ते लिखं?"

"हो."

"मीटर चुकीचा व्हता तं?"

"बर्फात घातला की कळेल."

योगराजने बॅग टाकीवर तशीच सोडली. गेटवर बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. त्याने गोळेवाल्याकडून काचेचा मोठा ग्लास भरून बर्फाचा चुरा घेतला. गोळेवाला विचारत होता, "काका, कोणतं सरबत टाकू?" योगराज म्हणाला, "विज्ञान टाक," आणि ग्लास घेऊन सरळ ऑफिसात घुसला. डिंपल मागे. ग्लास परत मिळेल की नाही या काळजीने गोळेवालाही मागे.

सुनंदाबाईंनी मान वर केली. "अरे, योगराजभाऊ! बसा. हे बघा, मुलगी हुशार आहे, पण वर्गाची एक पातळी असते. पुस्तकात शंभर दिलंय. इतकं साधं उत्तर चुकावं?"

"बाई, तिच्या टेबलाचा थर्मामीटर मागवा."

"कशाला?"

"मागवा तर खरं. नाही मागवला तर मी इथंच बसतो. आणि आणखी आईबाप बोलावतो. त्यांनाही बर्फ दाखवू."

सुनंदाबाईंनी शिपायाला पाठवलं. थोड्या वेळाने हितेंद्र सरच थर्मामीटर घेऊन आले. डिंपलने तो ओळखला, वरच्या टोकाला लाल दोरा होता. सर ग्लासकडे बघून उभे राहिले. बहुतेक त्यांनी कागद वाचला होता. त्यांनी मेजावरच्या बाटलीतलं थोडं पाणी चुऱ्यात टाकलं, थर्मामीटर खोवला, आणि सगळे वाकले. योगराजही वाकला, या वेळी कोणी चष्मा लाव म्हणालं नाही.

रेघ खाली खाली गेली. शून्यावर आली आणि थांबली नाही. शून्याच्या खाली जाऊन उभी राहिली.

गोळेवालाही दारातून टाचा उंच करून बघत होता.

"बर्फ खराब असेल," सुनंदाबाई म्हणाल्या.

दारातून गोळेवाला म्हणाला, "ओ बाई, आपला बर्फ एक नंबर आहे."

"तू बाहेर हो! हितेंद्र सर, तुम्ही सांगा. किती आहे?"

सरांनी थर्मामीटर बोटांनी जरासा फिरवला. त्यांची नेमणूक दर जूनला नव्याने व्हायची. ती चिठ्ठी सुनंदाबाईंच्याच हातची. डिंपल त्यांच्याकडे बघत होती, सरळ, डोळा न हलवता. तिला त्यांची दया वगैरे काही आली नाही. तिला आकडा हवा होता.

"उणे तीन," सर म्हणाले.

"पुन्हा बघा, सर."

सरांची मान खाली गेली. त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं असावं. मग त्यांनी मान वर केली.

"पाहिलं, मॅडम. उणे तीन. थर्मामीटर तीन अंश कमी दाखवतोय. हे सगळे एकाच खोक्यातले आहेत, बाकीच्यांचेही धड नसतील. म्हणजे काल खोलीत एकच रीडिंग खरं होतं. आणि ते मी नापास केलं."

बाहेर मोटारसायकलवरची बॅग घसरून धप्पकन पडली.

सुनंदाबाईंनी पेन उघडलं, बंद केलं. ओशाळल्या असं म्हणता येणार नाही, हिशेब करत होत्या, एवढंच. समोरचा बाप हलायला तयार नव्हता आणि चौकात त्यांचा फलक होता.

"उद्या सगळ्यांची पुन्हा परीक्षा घ्या," त्या शेवटी म्हणाल्या. "यादी काढा खाली. आणि तुमचं जूनचं जूनमध्ये बघू, सर."

योगराजने बॅग उचलून वसतिगृहाच्या ओट्यावर ठेवली, झटकली. "मी निघतो. उद्या काय येवो ते येवो, दखशी तेच लिखजो," म्हणाला आणि गोळेवाल्याला ग्लास देऊन, वर शिव्या खाऊन, निघून गेला.

कुंदन जिन्यात भेटला. "माझं चौऱ्याण्णव आलं होतं," तो कुजबुजला. "कोणाला सांगू नको."

"उद्या लिही."

"बघू."

डिंपल सरांना व्हरांड्यात गाठून उभी राहिली. तिला काल नापास केलं त्याबद्दल ते काहीतरी बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. तिने बोलू दिलं नाही.

"सर, शहाण्णव अधिक तीन, नव्याण्णवच होतात. शंभर नाही झाले. एक अंश कुठे गेला?"

सर तिच्याकडे बघत राहिले. "धुळे काय समुद्रसपाटीला आहे का?" म्हणाले, आणि पुढे काही न सांगता चालायला लागले.

"म्हणजे? सर! म्हणजे काय?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "आधी अंदाज लिही," तेवढं ऐकू आलं, "पेनाने."

ती ओट्यावर बॅगेला टेकून बसली, वही मांडीवर घेतली, पेन उघडलं. समुद्र तिने पाहिला नव्हता. पाय पुन्हा हलायला लागला.