खांदवे विरुद्ध रिसबूड

वडिवळ्याच्या राजेश्वरीची कामशेतला पिठाची गिरणी होती आणि तिला वाचायचं वेड होतं. गिरणीच्या तोंडात दळण ओतायचं, पट्टा फिरता झाला की पिठाळ बोटांनी पुस्तक उघडायचं. पुस्तक नसलं तर फोन. फोनात 'पान उलटा' नावाचा वाचकांचा गट होता आणि त्या गटात, अहो काय सांगायचं, बारा महिने तेरा त्रिकाळ एकच भांडण चालायचं: आदिनाथ खांदवे मोठा लेखक की सार्थक रिसबूड?

खांदवे गावाकडचं लिहायचा: गोठा, भावकी, बांध. रिसबूड शहरातलं: फ्लॅट, घटस्फोट, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं. एका मुलाखतीत खांदवे रिसबूडबद्दल काहीतरी तिरकं बोलला, रिसबूडनं दुसऱ्या मुलाखतीत परतफेड केली. बस्स! लेखक बोलून मोकळे झाले आणि वाचक बाह्या सरसावून उभे राहिले.

आता तुम्हाला वाटेल, वडिवळ्याची बाई खांदवेच्या बाजूची असणार. छट्! "शेण मी रोज काढते, ते वाचू कशाला?" असं म्हणायची. ती रिसबूडची. खांदवेसाठी लढायची ती अनघा, लोणावळ्याची शाळेतली बाई, जिनं जन्मात म्हशीच्या शेपटीला हात लावलेला नव्हता.

आणि या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. अनघा सुट्टीला गिरणीत यायची, रिकाम्या पोत्यावर बसून चहा प्यायची, पुस्तकं बदलून न्यायची. दोघी तावातावानं भांडायच्या. गिरणीच्या आवाजात ते भांडण कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून ते गोडही होतं. फोनातलं भांडण मात्र सगळं गाव बघतं. बघणारं कुणी असलं की माणसाच्या अंगात येतं.

तसंच झालं. राजेश्वरीनं खांदवेच्या 'सुनी दावण' या कादंबरीची यथेच्छ सालं काढली, तेव्हा अनघानं सगळ्यांसमोर लिहिलं, "गिरणीवाल्यांनी दळण दळावं, साहित्यात पीठ पाडू नये." गटभर लोक हसले. राजेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनघाची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असताना अनघानं तिला 'सुनी दावण' वाचून दाखवली होती. हे तिनं फक्त राजेश्वरीला सांगितलं होतं, याच पोत्यावर बसून. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. राजेश्वरीनं लिहिलं, "हे पुस्तक मरणाऱ्या माणसाला वाचून दाखवायच्याच लायकीचं. त्याला उठून जाता येत नाही."

लोक त्यालाही हसले. अनघा गटातून गेली, गिरणीत यायची थांबली, फोन उचलेना. माफीचा मेसेज राजेश्वरी रोज लिहायची आणि रोज पुसायची. गिरणीत माणसांना तोटा नव्हता, पण पुस्तक मिटल्यावर ज्याच्याशी भांडावं असं एकही माणूस उरलं नव्हतं. तिला अनघा परत हवी होती. बाकी साहित्य गेलं खड्ड्यात.

जत्रा तोंडावर आली होती. जत्रा कमिटीचे अंबाजी आबा एकदा दळण घेऊन आले आणि कपाळाला हात लावून बसले. शेवटच्या कुस्तीला तोलामोलाची जोड मिळत नव्हती. राजेश्वरीचा नवरा सोपान तिथंच होता. तो सहज बोलून गेला, "आबा, हिच्या फोनात लय मोटी जोड हाय. हजारो मानसं रोज भांडत्यात."

"कोन पैलवान?"

"पैलवान न्हाईत, लेखक हायती."

"मंग काय झालं? आना दोगांस्नी. नारळ देऊ, फेटा बांधू. कोन मोटा ते गावाफुडं हून जाऊ दे."

अहो आबा, लेखकांची कुस्ती नसते, हे राजेश्वरीच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. खांदवे वडिवळ्यात आला तर अनघा आल्याशिवाय राहणार नव्हती. तिनं स्वतःच दोघांना फोन लावले.

जत्रेला कुस्त्या संपल्या आणि आखाड्याच्या तांबड्या मातीवर सतरंज्या पडल्या. मोटार आली. एकाच मोटारीतून दोघं लेखक उतरले, एकाच पुडीतले शेंगदाणे खात! गावानं माना लांब केल्या. अनघा आली होती. शेवटच्या रांगेत, बायकांमध्ये बसली होती, राजेश्वरीकडं न बघता.

रिसबूड म्हणाला, आदिनाथ मला थोरल्या भावासारखा. खांदवे म्हणाला, सार्थकसारखं लिहिणारा आज दुसरा नाही. आबांना राहवेना.

"तुमी यांची पुस्तकं वाचल्यात का?"

खांदवे हसला. "वेळ कुठं मिळतो, आबा? त्यानंही माझी वाचलेली नाहीत."

"मंग भांडत व्हता ते?"

"त्यानं पुस्तकं खपतात."

"नुरा कुस्ती!" आबा गरजले. ठरवून खेळलेली कुस्ती जुन्या पैलवानाला वासावरून कळते. गाव शिट्ट्या मारायला लागलं.

गाव बिथरलं बघून खांदवेनं लोणी लावायला घेतलं. "खरं सांगू का मंडळी? 'सुनी दावण' मी नुसती उरकली. प्रकाशक मागं लागला होता. सगळी रडारड. मलाच आता वाचवत नाही." लोकांना गंमत वाटली. शिट्ट्या थांबून हशा सुरू झाला.

राजेश्वरीनं मागं वळून बघितलं. अनघा हसत नव्हती. तिचा चेहरा पार उतरला होता आणि ती पिशवी उचलून उठत होती.

राजेश्वरी ताडकन उभी राहिली. एरवी शुद्ध बोलणारी बाई, पण चिडली की तोंडात गावच यायचं.

"ओ खांदवे! गप बसा जरा. म्हातारी शेवटाला मोकळ्या दाव्याला हात लावती आन् म्हनती, जनावर गेलं, दावं अजून ऊनच हाय. ते तुमी उरकलं? उरकलं आसंल. पन ते वाचून दाखवत एका लेकीनं आपल्या आईला पोचवलंय. त्याला रडारड म्हनायचा तुमाला काय हक्क? मी म्हनलं व्हतं एकदा, चारचौघांत. माझ्या तोंडात शेन घातलं पायजे."

हशा विरला. खांदवे गोंधळून म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या चाहत्या दिसता."

"छ्या! मी ह्यांची." तिनं रिसबूडकडं बोट केलं.

आबांनी काठी आपटली. "झाली निकाली! फेटा बाईला बांधा रं."

राजेश्वरीनं फेट्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या रांगेतली अनघाची जागा रिकामी होती.

गटात आता नवं भांडण पेटलं. वडिवळ्याच्या बाईनं बाजू घेतली ती खांदवेची की खांदवेविरुद्धची? राजेश्वरीनं फोन उघडलाच नाही. पुस्तकही हातात धरवेना. पुढच्या सुट्टीला गिरणीच्या दारात सावली पडली. अनघा उभी होती, हातात गव्हाची पिशवी.

"दळून मिळेल का?"

राजेश्वरीला तिच्याकडं बघवेना. "लोणावळ्यात गिरण्या न्हाईत का?"

"आहेत. तिथं भांडायला कुणी नाही."

"अनघा, मी ते लिहिलं ते..."

"आणि मी दळणाचं लिहिलं ते?"

राजेश्वरीनं पोतं झटकून अंथरलं. अनघा बसली, हातानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पण शेवटचं वाक्य तू चुकीचं म्हटलंस. दावं ऊन नसतं. म्हातारी म्हणते, दाव्यानं ऊब धरलीय."

"तेच ते."

"तेच ते कसं? तुला खांदवे कळलाच नाही!"

"त्याला तरी कुठं कळलाय?"

राजेश्वरीनं गहू ओतले आणि बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला, दोघी हातवारे करून भांडायला लागल्या, आणि काय बोलल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही.