‘स्वल्प’च्या रकान्यातल्या खुणा

“शी, किती कुबट वास येतोय याला. आणि ही कड काय झुरळानं खाल्लीय?”

शुभदाताई असं पुटपुटल्या आणि त्यांनी मला खणातून काढून ओढणीनं पुसलं. कुणी आपल्याला कुबट म्हटलं, तेही इतक्या जवळून, की वाईट वाटतं. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू, कड झुरळानंच खाल्ली होती.

मी एक जुना, भोकं पाडलेला पुठ्ठा आहे. साडीच्या खोक्यातून माझा जन्म झाला. इथे बेंगळुरूच्या बसवनगुडीत भीमसेन सर म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक राहायचे. निपाणी, अथणीकडची कितीतरी मराठी माणसं बेंगळुरूत कामाला यायची आणि स्वभाव मोजायच्या चाचण्या मात्र इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असायच्या. म्हणून सरांनी एक चाचणी मराठीत उतरवली. कागदावर एकाखाली एक विधानं. प्रत्येकासमोर पाच रकाने: मुळीच नाही, स्वल्प, मध्यम, बरेच, पूर्णपणे. माणसानं आपल्याला लागू पडेल त्या रकान्यात खूण करायची. मग मला त्या कागदावर ठेवायचं आणि भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या. माझी सगळी भोकं ‘बरेच’ आणि ‘पूर्णपणे’ यांच्यावर येतात. ऑफिसातलं पंचिंग मशीन कडेपलीकडे पोचत नाही, म्हणून सरांनी ती चपला शिवणाऱ्याकडून पाडून घेतली, पट्ट्याला भोक पाडायच्या लोखंडी नळीनं.

आम्ही पाच भावंडं होतो. एक माणसांत मिसळण्याचं, एक कनवाळूपणाचं, एक मनाच्या चलबिचलीचं, एक नवं काही करून बघण्याचं आणि मी जबाबदारीचा. घरोघरी जबाबदारी ज्याच्या वाट्याला येते तोच शेवटपर्यंत टिकतो. बाकीची चौघं कुठे गेली, ठाऊक नाही.

माझेही चांगले दिवस होते. एका कारखान्यानं आपल्या नव्या कामगारांना ती चाचणी दिली होती. वर्षानं सरांनी त्यांची हजेरी मागवून घेतली. माझ्या भोकांतून ज्यांच्या खुणा जास्त दिसल्या होत्या, ती माणसं वर्षभराचा विचार करता खरंच जास्त वेळेवर आली होती. अगदी प्रत्येक जण नव्हे, पण बहुतेक. मी फुगलो. तेव्हा सर आपल्या विद्यार्थ्यांना जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. स्वभाव वर्षात दिसतो, म्हणाले, पण अमुक एका सोमवारी कोण उशिरा येईल ते यावरून विचारू नका. त्या दिवशी बस चुकते, घरात मूल तापानं फणफणतं, शिस्तीच्या माणसालाही डुलकी लागते. एका दिवसावर परिस्थितीचा जोर जास्त.

पुढे सर गेले. त्यांच्या विद्यार्थिनीनं, म्हणजे शुभदाताईंनी, त्यांच्याच जागेत चाचण्यांचं केंद्र चालवायला घेतलं. खाली उभ्यानं खायचं दर्शिनी हॉटेल, वर आम्ही. चाचण्या संगणकावर गेल्या आणि मी खणात, वाळलेल्या शाईच्या पॅडखाली. वडे तळल्याचा वास यायचा त्यावरून सकाळ झाली ते कळायचं, एवढाच माझा जगाशी संबंध उरला.

आणि त्या दिवशी मला बाहेर काढलं, ते गंगव्वासाठी.

गंगव्वा व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीतल्या पाळणाघरात मुलं सांभाळते. मूळची निपाणीकडची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. संगणक तिला जमत नाही, म्हणून तिच्यासाठी सरांचा जुना मराठी कागद निघाला आणि त्याच्यासोबत मी. मागच्या आठवड्यात तिच्या पाळणाघरातला वेदांत, अजून चार वर्षांचाही नसलेला, दारातून बाहेर पडला आणि थेट खाली बेसमेंटमध्ये पोचला, जिथे गाड्या वळतात. एका ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण सगळी सोसायटी हादरली.

आता समितीला ठरवायचं होतं, गंगव्वाला ठेवायचं की काढायचं. मूल हरवलं म्हणून काढलेल्या बाईला दुसरं मूल कोण सांभाळायला देईल? हे तिलाही माहीत होतं. खुर्चीच्या अगदी टोकाला बसून ती स्वतःच्या बांगड्यांकडे बघत होती.

तिच्यासोबत दोघं आले होते. समितीचे सचिव उल्हासराव, आणि वेदांतची आई केतकी. केतकी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, आयटीत. तिच्या मांडीवर पोराची निळी पाण्याची बाटली होती. ती बाटलीचं झाकण उघडायची, लावायची. उघडायची, लावायची.

उल्हासरावांनी सगळं सांगितलं. दाराची कडी वर आहे, पोराचा हात पोचत नाही, म्हणजे ती मोठ्या माणसानंच उघडी ठेवली. त्या वेळी तिथे गंगव्वा होती. शुभदाताईंनी विचारलं की कॅमेऱ्यात काही दिसतंय का. कॅमेरा त्या दिवशी बंद होता, असं ते म्हणाले. फार पटकन म्हणाले. मग खिडकीतून खाली बघत राहिले, जणू दर्शिनीत कुणी ओळखीचं दिसलंय.

“आम्हाला कुणावर आरोप नाही करायचाय,” केतकी म्हणाली. “पण ती बेसिकली केअरलेस आहे का, एवढं साइंटिफिकली कळलं की झालं. मग डिसिजन सोपा होईल.”

मित्रांनो, ‘सोपा’ हा शब्द ऐकून माझी भोकंसुद्धा आखडली. माणसं जेव्हा पुठ्ठ्याकडे निर्णय मागायला येतात, तेव्हा बहुधा त्यांना तो आपल्या तोंडानं बोलायचा नसतो.

गंगव्वानं कागद भरून दिला होता. शुभदाताईंनी मला त्यावर ठेवलं. मी खाली बघितलं. भोकांतून काहीच दिसत नव्हतं. कोरा, पांढरा कागद. ‘मी हाती घेतलेले काम पूर्ण करते.’ भोक रिकामं. ‘लोक माझ्यावर विसंबू शकतात.’ रिकामं. पार शेवटापर्यंत तसंच.

उल्हासरावांनी वाकून बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला. “म्हणजे पेपरवरच आलं. बरं झालं. आपण काही म्हणायची गरजच नाही.”

झाकण उघडलं. लागलं.

मला ओरडून सांगायचं होतं की मला उचला. भोकाबाहेर काय आहे ते पुठ्ठ्याला ठाऊक असतं, मित्रांनो, कारण तो त्याच्यावरच पडलेला असतो. पण पुठ्ठ्याला आवाज नसतो. शुभदाताईंनी पेन उचललं, आकडा लिहायला टेकवलं, आणि त्या थांबल्या. त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं.

सगळ्या खुणा एकाच रकान्यात होत्या, ‘स्वल्प’च्या. रेघ मारावी तशा, एकाखाली एक.

“गंगव्वा,” त्यांनी विचारलं, “हाती घेतलेलं काम पूर्ण करता ना तुम्ही?”

“करतो की स्वल्प, अक्का.”

“स्वल्प म्हणजे किती?”

गंगव्वाला प्रश्नच कळला नाही. “म्हंजे करतो की. रोजचं रोज. पोरं झोपल्याबगर मी जेवत न्हाई.” मग ती ओशाळली. “पर आपलं आपणच ‘लई करतो’ म्हणायचं व्हय?”

शुभदाताईंनी डोक्याला हात लावला. भीमसेन सरांनी पुस्तकातला ‘स्वल्प’ घेतला होता, म्हणजे अगदी थोडं, नावापुरतं. गंगव्वाचा ‘स्वल्प’ बेंगळुरूच्या रस्त्यावरचा, कन्नड बोलण्यातला. इथे रिक्षावाला ‘स्वल्प सरका’ म्हणतो तेव्हा पूर्ण सरकावं लागतं. इथे तो आकडा नाही, अदब आहे. सरांसारख्या विद्वान माणसानं जन्म इथेच काढला, पण शब्द शब्दकोशातून आणला. आणि मी इतकी वर्षं त्या रकान्यावर पुठ्ठा होऊन पडून राहिलो.

शुभदाताईंनी ते दोघांना समजावून सांगितलं. हा कागद आता बाद, म्हणाल्या. उल्हासराव कसनुसे झाले. नवीन शब्द घालून पुन्हा घ्या चाचणी, त्यांनी सुचवलं. आज संध्याकाळपर्यंत समितीला काहीतरी कळवायचंय.

“घेईन,” शुभदाताई म्हणाल्या. “आणि समजा, तिला पैकीच्या पैकी मिळाले. तरी त्या दिवशी कडी कोणी उघडी ठेवली ते त्यात नसेल. आणि शून्य मिळालं, तरी नसेल. गंगव्वा काही वर्षं तुमच्याकडे आहे ना? त्या वर्षांत कशी वागली, ते मला विचारण्यापेक्षा तुम्हीच सांगा.”

उल्हासरावांनी बरंच काही सांगितलं, अडखळत. तक्रार कधीच नव्हती. लिफ्ट बंद पडली तेव्हा हीच पोरांना कडेवर घेऊन जिने उतरली होती. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान होत गेला.

“मग राहिला तो एकच दिवस,” शुभदाताई म्हणाल्या. “गंगव्वा, त्या दिवशी कोण आलं होतं तिथे?”

हा प्रश्न आठवडाभर कुणीच विचारला नव्हता, हे तेव्हा मला कळलं. खाली कुणीतरी कॉफीचे पेले आपटले. उल्हासराव पुन्हा खिडकीकडे वळले. गंगव्वानं मान वर केली, समोर बसलेल्या आईकडे एक क्षण बघितलं, आणि परत बांगड्यांकडे.

“मला आठवत न्हाई, अक्का.”

खोटं होतं. साऱ्या खोलीला ते कळलं. पण असलं खोटं मोजायला माझ्यात भोक नाही. ते माझ्या कनवाळू भावंडाचं काम, आणि ते कधीच हरवलंय.

मित्रांनो, तुम्हालाही कुणीतरी कधीतरी मोजेल. शाळेत, नोकरीत, लग्नाच्या वेळी. मोजू द्या, मापं काही वाईट नसतात. तुमच्यावर कुणाला मोजायची वेळ आली, तर माझ्यासारख्याला खुशाल वापरा. फक्त नंतर उचलून ठेवा, आणि खाली जे माणूस आहे त्याला विचारा. झुरळापासूनही जरा जपा, जमलं तर.

झाकणाचा आवाज थांबला होता. केतकीनं बाटली टेबलावर ठेवली, अगदी माझ्या शेजारी.

“ही विसरला होता तो,” ती म्हणाली. “ही द्यायला मी आले होते. ऑफिसची कॅब खाली हॉर्न वाजवत होती, मी धावत गेले.” ती गंगव्वाकडे वळली. “तुम्ही बघितलं होतं मला. कडी मी लावली नाही.”