तिसऱ्यांदा तीच मांडणी

नाशिक रोडच्या हॉलमध्ये शेवटची फेरी, आणि माझ्यासमोर कोण, तर वाल्मीक काका! मनमाडचे रिटायर गार्ड. आमच्या रेल्वे कॉलनीत मला बुद्धिबळ शिकवलं ते ह्यांनीच. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती. मला ड्रॉ पुरे होता, काकांना मात्र जिंकायलाच हवं होतं. एकसष्ट वय झालं, पण राज्य स्पर्धेला एकदाही गेलेले नाहीत.

मी मधली प्यादी सोडून उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. त्यांनीही तेच केलं. मी घोडा काढला, त्यांनीही काढला. मी उंट कडेनं बाहेर आणला, त्यांनीही आणला. आरशासमोर बसल्यासारखं! असं डोकं सटकलं माझं. विचार करण्यात माझा वेळ जात होता, आणि त्यांना तेच तर हवं होतं.

शेवटी माझ्याकडे पन्नास सेकंद उरले, त्यांच्याकडे अकरा मिनिटं. दोघांचे हत्ती त्याच त्याच घरांत येरझाऱ्या घालत होते. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की ड्रॉ मागता येतो. मी हत्ती ठेवला, घड्याळ दाबलं आणि टेबलावर हात आपटून ओरडले, "तिसऱ्यांदा! ड्रॉ!"

पंच निकिता मॅडम आल्या. "तुम्ही खेळून मोकळ्या झालात ना? मग मागणी बाद. चाल आधी कागदावर लिहायची, मला बोलवायचं. आता मागायचा हक्क त्यांचा."

काकांनी दुसरी कुठलीही चाल केली असती, तर पन्नास सेकंदांत माझं काही खरं नव्हतं. गाढव मी, गाढव!

घड्याळ पुन्हा चालू झालं. काका पटाकडे बघत बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांचा हात हत्तीजवळ गेला. 'खेळा ना, संपवा एकदाचं!' मला रागानं रडूच आलं.

त्यांनी घड्याळ थांबवलं. "मॅडम, ड्रॉ मी मागतो."

"काका, अहो, तुमची जागा..."

"गप. आमच्या गार्डांच्या खोलीत आधी खेळायचं, मग टेबल बडवायचं. नियम कोणाला माहीत होता? तेच तुला शिकवलं. चूक तुझी नाय, माझी हाय."

त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली. माझ्या हातात पेन देत ते म्हणाले, "राज्याला गेलीस की ओरडू नको. आधी लिही."